नवव्या तुळईखालचं माणूस

लाई ज्यूमेईला सगळं शानकेंग वचकून असायचं. मी जरा जास्तच. मी या गावात शाळामास्तर म्हणून आलो त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने केरसुणी उगारून मला पुलावरून हाकललं होतं. माझा गुन्हा एवढाच, की मी शिडी लावून पुलाच्या छपराखालची एक तुळई ओल्या फडक्याने पुसायला गेलो होतो. तुळई काजळीने काळीकुट्ट झाली होती आणि काजळीखाली काहीतरी लिहिलेलं आहे असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

"मास्तर, खाली उतरा," ती म्हणाली. "उतरा, नाहीतर शिडी काढून नेईन. मग बसा वरच, वटवाघळांच्या पंगतीला."

मी मुकाट्याने उतरलो. तेव्हा ती पस्तिशीच्या आत होती, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरची कुत्रीसुद्धा गप्प बसावीत. त्या दिवसापासून मी तिला वहिनी म्हणायला लागलो. तिला दुसरं काही म्हणायची माझी छाती झाली नाही.

आमचा पूल म्हणजे नदीवर आडवं बांधलेलं एक लांबलचक घरच. वर कौलं, दोन्ही बाजूंना पावसाची झड अडवणाऱ्या फळ्या, आत बसायला बाक, मधोमध देवाचा कोनाडा. खाली ओंडके एकमेकांत गुंतवून केलेली कमान. सगळ्या पुलात लोखंडाचा एक खिळा नाही. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, छप्पर माणसांसाठी आहे. ते लाकडासाठी आहे. लाकूड कोरडं राहिलं तर माणसांच्या सात पिढ्या बघतं, आणि भिजत राहिलं तर एका माणसाचं म्हातारपणही बघत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, पावसाळ्यात दगडांवरून नदी ओलांडताना एकाच दिवशी अकरा माणसं वाहून गेली, तेव्हा गावाने हा पूल बांधला. छपराला अठरा तुळया लागल्या. ज्याने जी तुळई दिली, तिच्यावर त्याचं नाव शाईने लिहिलं गेलं.

ती नावं झाकली ज्यूमेईने. शहरातली पोरं दंडाला लाल पट्ट्या बांधून, जुनं दिसेल ते मोडत गावोगाव फिरत होती, त्या वर्षीची गोष्ट. ती पोरं दुपारी शानकेंगला येणार, पूर्वजांची नावं रंध्याने तासून काढणार, अशी बातमी सकाळी आली. पुरुष बैठकीला बसले. ज्यूमेई बैठकीला बसली नाही. उन्हाळ्यात वाटसरूंना फुकट चहा द्यायची आमच्याकडे रीत आहे, आणि पुलावरचा चहा तिच्याकडे होता. चहाच्या त्याच मोठ्या कढईत तिने तांदळाची घट्ट खळ शिजवली, चुलीची सगळी काजळी तिच्यात कालवली आणि शिडीवर चढून अठराच्या अठरा तुळया माखून टाकल्या. पोरं आली. त्यांनी देव फोडला, कोनाडा फोडला, मग वर बघितलं.

"हे काळं काय?" त्यांच्या म्होरक्याने विचारलं.

"धूर," ही म्हणाली. "शंभर वर्षं इथे चहा उकळतोय. तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात वर बघितलंत का कधी?"

पोरं चहा पिऊन गेली. नावं वाचली, पण त्या दिवसापासून कुणाला वाचताही येईनात. वादळ शमल्यावर पुसायला हवी होती की नाही? ही पुसू देईना. "एकदा झाकलं ते झाकलं," असं तिचं म्हणणं. "उद्या पुन्हा कुणाचं डोकं फिरेल, सांगता येतं का? आणि तुम्हाला वाचून काय करायचंय, मास्तर? मला पाठ आहेत."

तिला पाठ होती हे खरं. अक्षरओळख शून्य, पण सासूने दर नववर्षाच्या सकाळी तिला पूर्वेच्या काठापासून एकेका तुळईखाली उभं करून नावं घोकून घेतली होती. सासूलाही वाचता येत नव्हतं. ती तिच्या सासूकडून शिकली होती. सासू गेल्यावर ज्यूमेई एकटीच म्हणत जायची. एक, श्या बोरेन. दोन, तू चिंगफू. असं करत करत मध्यावर, देवाच्या कोनाड्यावरच्या तुळईखाली: नऊ, तू वेनशान. हा तिच्या सासरच्या तू घराण्यातला मोठा नावाजलेला पूर्वज. तिथे ती थांबायची आणि उदबत्ती लावायची.

नवव्या तुळईशी तिचं आणखी एक नातं होतं, आणि ते तिने मला निदान शंभर वेळा सांगितलं असेल.

ती सहा वर्षांची असताना आईने तिला डोंगरावरच्या लाई लोकांच्या वस्तीतून खाली आणलं. त्या काळी गरिबाघरची पोर लहानपणीच सासरी देऊन टाकायचे. वाढवायची त्यांनी, आणि मोठी झाली की त्यांच्याच मुलाशी लग्न. तू घरची माणसं तिला घ्यायला पुलाच्या मध्यावर येणार होती. आईने तिला नवव्या तुळईखाली उभं केलं आणि म्हणाली, "इथून हलू नकोस. भिऊ नकोस. इथे आपलं माणूस आहे." पोरीने मान वळवून बघितलं. बाकावर कुणी नव्हतं. कोनाड्यापाशी कुणी नव्हतं. पुन्हा वळून बघते तो आई पुलाबाहेर पडलेली, पाठ करून भरभर चाललेली. त्यानंतर ती कधी दिसली नाही. त्याच हिवाळ्यात तापाने गेली.

"बघा मास्तर," ज्यूमेई सांगता सांगता चहा ढवळत असायची, "शेवटचं बोलली तेही खोटंच. कोण होतं तिथे? मी आणि एक माशी."

हे ती हसून म्हणायची. मला कधी हसू आलं नाही.

नवरा लाकडाच्या तराफ्यांवर कामाला होता, तो तरुणपणीच गेला. एक मुलगी, ती वेनचौ शहरात चपलांच्या कारखान्यात. पूल मात्र तिच्याजवळ राहिला. फुटलेलं कौल दिसलं की ती पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसायची, आणि नवं कौल हातात पडेपर्यंत उठायची नाही. पावसाची एक धार आत आली तरी तिला घरात बसल्या कळायचं. तिच्या नावाने बोटं मोडणारे गावात पुष्कळ होते. पण सिमेंटचे तीन पूल आजूबाजूला होऊन मोडले आणि आमचा लाकडी पूल उभा होता, हेही सगळ्यांना दिसत होतं.

मग ते टायफून आलं.

आठव्या महिन्यातली, चंद्रकेक खायच्या सणाच्या आदल्या दिवसाची गोष्ट. सकाळपासून पाणी चढत होतं. पूल उचलला जाऊ नये म्हणून आम्ही त्याच्यावर वजन टाकत होतो: पाण्याने भरलेले रांजण, दगड, धान्याची पोती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ज्यूमेई जात्याची तळी उचलून घेऊन आली. तिला दोघांनी धरून मागे ओढलं नसतं तर तीही त्या वजनात जमा झाली असती. दुपारी पाणी फळ्यांना लागलं. कोंबडी अंड्यांवरून उठावी तसा पूल सावकाश उठला, अख्खाच्या अख्खा, कौलांसकट. थोडा वेळ तो पाण्यावर बसून राहिला. मग वळणावरच्या खडकावर आदळला आणि फुटला.

गाव रडलं. मीही. ती रडली नाही. नदीकडे तोंड करून ती बोटं मोजत होती.

"काय मोजताय, वहिनी?"

"तुळया. जाताना सतरा दिसल्या. एक पाण्याखालून गेली असणार."

आठवड्याने तालुक्याचे साहेब आले. सिमेंटच्या पुलाचा नकाशा त्यांच्या गाडीत तयारच होता. त्यांच्याबरोबर डोंगरापलीकडून वू मिस्त्रीही आला होता. कमान गुंतवण्याची विद्या आता चार-पाच माणसांपाशी उरली आहे, त्यातला तो एक. त्याने काठावरचे दगडी पाये ठोकून बघितले आणि साहेबांसमोर स्वच्छ सांगितलं, "कमानीचे ओंडके मी नवे घालीन. पण जुना पूल म्हणून मंजुरी हवी, तर अठरापैकी नावं लिहिलेल्या बारा तुळया तरी जुन्या पाहिजेत. त्याहून कमी असतील तर तो माझा पूल होईल, तुमचा नाही."

"चाळीस दिवस थांबतो," साहेब म्हणाले. "मग सिमेंट."

पुढाऱ्याने मान हलवली. त्याला सिमेंट हवंच होतं, गाड्या जातात. सगळे उठायला लागले तेव्हा ज्यूमेईने माझ्याकडे बोट केलं. "मास्तर, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"वाईट," मी घाईघाईने म्हणालो.

"माझेही. उद्या सकाळी निघू."

आमच्या नदीकाठी एक जुना हक्क आहे. पुराने आणलेलं लाकूड ज्याने अडवलं, त्याचं. त्यामुळे कुणाच्या अंगणातून तुळई उचलून आणणं सोपं नव्हतं. पण एक गोष्ट आमच्या बाजूने होती. परक्या मेलेल्या माणसाचं नाव घरात ठेवायला आमच्याकडची माणसं कचरतात. आणि नावं आता दिसत होती! पन्नास वर्षं छपराखाली कोरडी राहिलेली ती खळ पुराने एका दिवसात धुऊन टाकली होती.

पहिली तुळई शातौ गावात सापडली, शेवया करणाऱ्याच्या दुकानापुढे. त्याने तिचा बाक केला होता आणि लिहिलेली बाजू खाली केली होती. ज्यूमेईने वाकूनसुद्धा बघितलं नाही. टोकाच्या खाचेवर हात फिरवला आणि म्हणाली, "पाचवी. श्या ग्वांगताई."

दुकानदाराने तुळई उलटली. मी वाचलं. श्या ग्वांगताई, एक तुळई.

"अहो, ही काय जादू?" दुकानदार म्हणाला.

"जादू कसली? पाठांतर. मास्तरांना विचारा, पोरांना मारून करून घेतात ते."

त्याने तुळई तर दिलीच, वर आम्हाला शेवयाही खाऊ घातल्या. त्या दिवसापासून आमची कीर्ती आमच्याआधी पुढच्या गावात पोचायला लागली. ही दारात उभी राहून नाव सांगायची, मी वाचायचो, आणि ते जुळायचं. दर वेळी. चार तुळया शेतांच्या चिखलात रुतलेल्या होत्या. एकीवर डुकरांचं छप्पर उभं होतं, एकीच्या टोकाला कुणी वाळत घातलेल्या मुळ्याच्या पानांची माळ होती. एका बाईने तर तुळईपुढे तांदळाची वाटी ठेवली होती आणि आम्हाला बघून म्हणाली, "बरं झालं आलात. रोज बघतोय आमच्याकडे हा माणूस." माझ्या पायांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. मी कुरकुरलो की ज्यूमेई वाळवलेल्या रताळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवायची. खाताना माणसाला कुरकुरता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

अडतिसाव्या दिवशी आमच्याकडे अकरा तुळया झाल्या होत्या आणि पुढे नदीच संपत आली होती. समुद्राच्या अलीकडचं शेवटचं गाव हेकोउ. तिथल्या म्याओ देच्वान नावाच्या बदकवाल्याकडे एक तुळई आहे, पण तो ती कुणाला देत नाही, असं आम्हाला वाटेतच कळलं.

न देण्याचं त्याचं कारण होतं. त्या पुरात आमच्या नदीवरचे आणखी पूल गेले होते, आणि तीन वेगवेगळ्या गावांची माणसं येऊन 'ही आमचीच' म्हणून गेली होती. म्याओने वैतागून तुळई बदकांच्या नव्या शेडच्या आढ्याला चढवली, लिहिलेल्या जागी पोतं गुंडाळून सुतळीने बांधून टाकलं, आणि गावभर सांगून ठेवलं: ज्याची असेल त्याने नाव सांगावं आणि घेऊन जावं. चुकलं तर पुन्हा तोंड दाखवू नये.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा तो टोपल्यात अंडी भरत होता.

"कोण?" त्याने मान वर न करता विचारलं.

"शानकेंगच्या तू घरची, लाई शी."

आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका अशीच ओळख देतात. आधी सासरचं घराणं, मग माहेरचं, आणि पुढे 'शी', म्हणजे त्या घराण्यातली. स्वतःचं नाव असतं, पण ते चारचौघांत घ्यायचं नसतं. म्याओचा हात अंड्यावर जरासा थांबला. मला वाटलं, त्याला कमी ऐकू येत असेल.

"बोला," तो म्हणाला.

"तुळई न्यायला आलेय."

"नाव सांगा आणि न्या."

ज्यूमेई शेडखाली जाऊन उभी राहिली. वर बघितलं. मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून मला दिसलं. तिचा चेहरा एकदम पोरीसारखा झाला.

"मास्तर, नववी आहे," ती हळूच म्हणाली. "तो बघा लाकडी आकडा. चाळीस वर्षं माझी किटली लटकली त्याला." मग मोठ्याने, ताठ उभी राहून: "तू वेनशान!"

म्याओने टोपलं खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला नंतर आठवलं. "चुकलं, आजी," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"नाव. ते नाव नाहीये तिच्यावर."

"अरे, तुला दात यायच्या आधीपासून—"

"आजी, मी शाळेत गेलोय. मला वाचता येतं. तू वेनशान नाही. या आता, अंधार व्हायच्या आत गाडी मिळेल तुम्हाला."

अकरा वेळा बरोबर आणि बाराव्याला असं. मी तिची बाही धरली. "वहिनी, चला. दुसरीकडे कुठे—"

"दुसरीकडे कुठे? समुद्रात?" तिने बाही सोडवून घेतली. अंगणातल्या दगडावर ती बसली, पिशवीतून चहाची बाटली काढली आणि टोपण उघडलं. "हे बघ म्याओ. ही नववी आहे. त्या आकड्याजवळ एक भाजल्याचा डाग असेल, अंगठ्याएवढा. माझी शेगडी भडकली होती. तो डाग नसेल तर मी उठून जाते. असेल तर इथेच राहीन. मला बदकांचं वावडं नाही."

म्याओने वर बघितलं नाही. डाग असणार हे त्याला माहीत असावं. "पण नाव चुकलंय," तो पुटपुटला.

"मग बरोबर काय ते वाचून दाखव."

तो अंड्यांच्या टोपल्याकडे वळला.

"बरं," ती म्हणाली. "मास्तर, शिडी लावा."

पंचेचाळीस वर्षांनी मला परवानगी मिळाली! सहासष्टाव्या वर्षी, बदकांच्या घाणीने बुळबुळीत झालेल्या शिडीवरून मी चढलो. सुतळी सोडली, पोतं बाजूला केलं. शाई फिकट झाली होती, पण अक्षर सुरेख होतं, सावकाश लिहिलेलं. मी ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं. खाली बघायचा मला धीर होईना.

"झोपलात का वर?" खालून आवाज आला.

"तू लाई शी," मी वाचलं. "कातणीच्या कमाईतून. एक तुळई."

खाली बदकंच काय ती बोलत होती.

"पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"हे माझं नाव आहे," ती म्हणाली. "माझं नाव कसं असेल? मी कुठे दिली तुळई?"

"तुमचं नाही, वहिनी. तू घराण्यात दिलेली लाईंची मुलगी. तुमच्याच वस्तीतली, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. सूत कातून तिने तुळई दिली. मधली, देवावरची."

ती उठली होती, ती खालीच बसली, मातीत, बदकांच्या मधोमध. बाटलीतला चहा सांडला. मग ती जे बोलली ते मला उद्देशून नव्हतं.

"आईला माहीत होतं. वस्तीत सांगत असतील ना, आपली एक मुलगी आहे त्या पुलावर म्हणून. तिने मला बरोबर तिच्याखाली उभं केलं. इथे आपलं माणूस आहे, म्हणाली. मी बाकावर बघितलं. कोनाड्यापाशी बघितलं. वर नाही बघितलं. खोटं नव्हती गं बोलली. मीच बहात्तर वर्षं तिला खोटी म्हणत आले."

आणि ज्यूमेई रडली. तोंडावर हात नाही, आडोसा नाही, तोंड उघडं टाकून रडली. मी शिडीवरच रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

थोड्या वेळाने तिने बाहीला नाक पुसलं आणि तिला संताप आला. तो कधीतरी येणारच होता. "आणि त्या वेनशानला मी उदबत्त्या लावत होते! बहात्तर वर्षं! त्याने काय दिलं होतं हो पुलाला?"

"काही नाही," मी म्हणालो. "एक खिळासुद्धा नाही. पुलात खिळे नव्हतेच."

हे नाव कुणी बदललं, ते सांगणं अवघड आहे. सगळ्यात मानाची तुळई एका सुनेची, तीही डोंगरावरून आलेल्या गरीब सुनेची, हे कुणातरी सासूच्या पचनी पडलं नसेल. किंवा 'तू घरची तुळई' म्हणता म्हणता घरातला मोठा पुरुष आपोआप तिच्यावर चढून बसला असेल. घोकणाऱ्या बायकांना वाचता येत नव्हतं, आणि पुढे तर नावं झाकलीच गेली, तपासणार कोण? झाकली कुणी, ते मी त्या दिवशी तिला बोललो नाही. तिला ते माझ्याआधी सुचलेलं होतं.

म्याओ एवढा वेळ अंड्याच्या टोपल्याकडे बघत उभा होता. आता तो शेडमध्ये गेला आणि पहार घेऊन आला.

"हे काय?" मी घाबरून विचारलं.

"मी म्हणालो होतो, नाव सांगा आणि न्या," तो ज्यूमेईला म्हणाला. "तुम्ही फाटकातच सांगितलं होतंत, आजी. 'तू घरची, लाई शी.' मी ऐकलं होतं. शेड कालच पुरी झाली होती, म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

"अरे, पण तुझं छप्पर पडेल."

"पडू दे. बदकं आहेत. पावसात भिजून मरायची नाहीत."

त्याने स्वतः कौलं उतरवली, स्वतः पाचरी ठोकून तुळई सोडवली आणि आपल्या ट्रॅक्टरवर घालून शानकेंगला आणून दिली. चाळिसाव्या दिवशी दुपारी साहेबांनी बारा तुळया मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. नकाशा गाडीतच राहिला. वू मिस्त्रीने पुढच्या महिन्यात म्याओकडे नवं आढं पाठवलं.

बांधकाम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. पूल बांधताना बाईने लाकूड ओलांडायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून ज्यूमेई काठावर शेगडी मांडून बसली, आणि लाकूड न ओलांडता जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडत राहिली. सहा तुळया नव्या हव्या होत्या. पाच गावकऱ्यांनी दिल्या. सहाव्यासाठी तिने आपल्या वाट्याच्या रानातलं फरचं झाड पाडायला लावलं. नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड होतं ते. मुलीने फोनवरून खूप समजावलं, की त्या झाडाची तुझ्यासाठी शवपेटी करायची ठरलीये. "मला जाळा," ही म्हणाली आणि फोन ठेवला.

शेवटची तुळई चढवायच्या दिवशी वू मिस्त्री वर आडवा बसला होता, एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात शाईची वाटी. सगळं गाव दोन्ही काठांवर.

"अठरावी, तू लाई शी," त्याने ओरडून सांगितलं आणि कुंचला बुडवला.

"खबरदार!"

कुंचला हवेतच राहिला. "आता काय झालं, आजी?"

"लाई ज्यूमेई लिहा. अख्खं."

"अहो, बायकांचं नाव असं लिहीत नाहीत. रीत आहे—"

"रीत मला शिकवू नका, मिस्त्री. आठ महिने रीत पाळूनच बसलेय इथे काठावर. त्या बाईने आपलं नाव लिहिलं असतं तर मी जन्मभर तिला वेनशान म्हणाले नसते. ती कोण होती, ते आता कुणालाच कळायचं नाही. पुढच्या माणसाला मी कोण ते कळू दे."

वू मिस्त्रीने पुढाऱ्याकडे बघितलं. पुढाऱ्याने माझ्याकडे. मी माझ्या चपलांकडे बघितलं. आपल्याला काय, आपण मास्तर.

"बरं, ज्यू कोणता?" मिस्त्रीने हार मानून विचारलं. आमच्या भाषेत एका आवाजाची पन्नास अक्षरं असतात. तिला ते कसं सांगता येणार, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा आवाज दरीतून घुमला.

"शेवंतीचा! शेवंतीतला ज्यू! आणि मेई म्हणजे धाकटी बहीण!"

आदल्या हिवाळ्यात ती माझ्याकडून अक्षरं शिकत होती, हे तोपर्यंत गावाला माहीत नव्हतं. पाटीवर दोनच शब्द, चार महिने. माझ्या सगळ्या नोकरीत इतका हट्टी विद्यार्थी मला भेटला नाही.

नववर्षाच्या सकाळी ती मला पुलावर घेऊन गेली. काजळी नव्हती, नावं लख्ख दिसत होती, पण तिने मला वाचू दिलं नाही. एक, श्या बोरेन. दोन, तू चिंगफू. मी तिच्या मागे हात बांधून चालत होतो. मध्यावर ती थांबली, या वेळी वर बघितलं, आणि उदबत्ती लावली.

"नऊ," ती म्हणाली. "आपलं माणूस."

मग दहा, अकरा, आणि पुढची. अठराव्या तुळईशी येऊन ती घुटमळली. हट्ट करून लिहून घेतलेलं नाव, पण स्वतःच्या तोंडाने घ्यायचं म्हणजे जुनं वळण आडवं येत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मान जरा खाली.

"मास्तर," ती म्हणाली, "ही तुम्ही म्हणा."

मी म्हणालो. पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो.